मागच्या दाराने झालेली पाहणी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (साष्टांग कागदावरच समज, प्रत्यक्षात गुडघ्यांची परवानगी नाही). लेकीकडे तू आता चांगली रुळलीस, असं भाचीने फोनवर सांगितलं. ऐकून आनंद झाला, म्हणजे व्हायला हवा होता. तुझा खोकला कसा आहे? माझी तब्येत उत्तम आहे. अब्रूची तेवढी विचारू नकोस.

आसपासच्या गावांनी पदरमोड करून आपला निधी उभा केला. त्यातून कुणाला मदत द्यायची हे ठरवण्याआधी जाऊन बघायचं, तेही न कळवता, मागच्या दाराने, आपण कोण ते न सांगता आणि चहाला न शिवता, हा तुझा नियम. "पुढचं दार सगळेच झाडतात," म्हणायचीस. काय दिवस होते ते! मी स्कूटर चालवायचो, तू मागे बसून मला रस्ता चुकवायचीस आणि वर मलाच बोलायचीस. त्या पाळणाघराच्या मागच्या अंगणात तुला वाळत घातलेली दुपटी दिसली, सगळी स्वच्छ, आणि तू तिथेच "द्या यांना" म्हणालीस. परतताना स्कूटर बंद पडली. ती ढकलत आपण (म्हणजे मी) घरी आलो आणि तू सारा रस्ता गात होतीस. बेसूरच गात होतीस, पण तो सूर अजून कानातून जात नाही त्याला काय करू?

तर तुझ्या जागी आलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन परवा मी एका हौशी नाटकमंडळीची तालीम बघायला गेलो. त्यांनी पडदा आणि दिव्यांसाठी मदत मागितली आहे. मागच्या गल्लीतली सगळी दारं एकाच हिरव्या रंगाची, त्यातल्या एकातून आम्ही शिरलो. आतल्या खोलीत एक भाऊ आणि बहीण वडिलांच्या कपाटावरून कडाकडा भांडत होते. आम्ही नियमाप्रमाणे दारालगतच्या बाकावर मुकाट बसलो. काय भांडण होतं, ताई! बहिणीने असा हंबरडा फोडला की डॉक्टरीणबाई डोळे पुसू लागल्या (मधेच "दाढा मात्र किडल्यात" असं कुजबुजल्या, जित्याची खोड). मला आपली रेडिओवरून झालेली भांडणं आठवली. भावाने कपाटाचं दार आपटलं तेव्हा न राहवून मी टाळ्या वाजवल्या.

"कोण तुम्ही?" भाऊ गरजला. डॉक्टरीणबाईंना नियम तोंडपाठ. "ते मागाहून कळवू," त्या म्हणाल्या. मी धीर देत म्हटलं, "बाईंचं रडणं झकास. तुमचा राग जरा वरवरचा वाटतो. पण पडद्याची काळजी सोडा." तालीम शेजारच्या घरात चालू होती, हे मला त्याने कॉलर धरल्यावर कळलं. बहीण बिचारी म्हणाली, "दादा, अरे वयस्कर आहेत, निदान चहा तरी देऊ." आम्ही एका सुरात "चहा चालत नाही!" म्हणालो. मग मात्र दोघांनी मिळून आम्हाला बाहेर काढलं. गल्लीत उभं राहून ऐकलं तर भावंडं खो-खो हसत होती. कपाटाचं काय झालं ते कळलं नाही.

झालं, आपल्या समितीतल्या ऑडिटरांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. त्यांनी ठराव मांडलाय की पाहण्या बंद. मागणाऱ्याने आपलं काम मोबाइलवर चित्रित करून पाठवावं आणि आपण पंख्याखाली बसून बघावं. म्हणजे पुढचं दारच की! वाळत घातलेली दुपटी कोण मुद्दाम चित्रित करणार? ठराव पास झाला तर तू घालून दिलेली वाट मोडेल, आणि या वयात मला घराबाहेर पडायला निमित्तही उरणार नाही.

भाचीला आणि जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. निधीच्या नियमांप्रमाणे तुझं मत अजून शाबूत आहे आणि एका मताने पारडं फिरेल. तेव्हा बैठकीला तुला यायलाच हवं. भाचीला सांग, कर्तव्य आहे, इलाज नाही.

पुन्हा ता. क. माझं खोटं तुला अक्षरावरून कळतं, म्हणून सांगून टाकतो. बैठक कालच झाली. ठराव पडला; ऑडिटरांनी स्वतःसुद्धा हात वर केला नाही. तुझ्या मतावाचून कुणाचंच अडलेलं नाही, ताई. तुझ्यावाचून माझं अडलंय.