नळीतला गुलाबी रंग

मॅडम, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण फ्रिजचं दार नीट लागलंय की नाही हे मी अजून पुन्हा पुन्हा बघतो. सून वैतागते, म्हणते, "बाबा, बस करा न, दरवाजा घिस जाएगा!"

मिल बंद पडली तेव्हा मी रंगखात्यात होतो. तुमच्या कॉलेजात बाटल्या धुण्याचं कच्चं काम लागलं, तेही तुमच्या शब्दावर. मी आठवी नापास. रोज सकाळी वाटायचं, आज काढतील. आमच्या मल्हारगंज मोहल्ल्यातले मिलचे सोबती चिडवत, "क्या भिया, सुना है चूहे की कलेजी रंगते हो?" तसं ते खोटं नव्हतं. उंदराचं लिव्हर बर्फावर ठेवून बारीक करायचं, औषध घालून उकळायचं, की नळीत गुलाबी रंग उतरायचा.

त्या दिवशी रंग असा गडद आला की मी खूश. "मॅडम, क्या रंग चढलाय! आमच्या रंगखात्याच्या मास्तरांनी पाठ थोपटली असती." तुम्ही नळी उजेडात धरता. मग सांगता, लिव्हरमधली चरबी खवट झाली की हा रंग येतो. जितकी खवट, तितका गडद. लाइट जाऊन लिव्हर ठेवलेलं फ्रीजर बंद पडलं होतं. तुमची सगळी मेहनत नासली, आणि मी तारीफ करत होतो! मी विचारलं,

"उद्यापासून येऊ नको न?"

"लाइट तुम्ही घालवलीत का, भाऊ?" असं म्हणून तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "क्या रंग चढलाय म्हणे!"

पुढे फ्रीजर आणि बर्फ माझ्याच हवाली केलंत. "असा घाबरट माणूसच हवा होता मला," म्हणालात. माझ्या घाबरण्याचं कौतुक जन्मात तेवढं एकदाच झालं.

मग मशीनपाशी बसवून समजवायचात. गुलाबी दिसतं ते सगळंच खवट चरबीचं नसतं, म्हणून तो रस बारीक नळीतून दाबून सोडायचा. एकेक जिन्नस आपापल्या वेळेला बाहेर पडतो, मशीनच्या कागदावर त्याचा रेषेचा डोंगर उठतो. आपला डोंगर ओळखायचा आणि तेवढाच मोजायचा.

हे पत्र टाकणार कुठे? उशाखालीच राहील. पण सांगून टाकतो. ते डोंगराचं मला पहिल्याच दिवशी समजलं होतं. तरी मी "मॅडम, फिर से सांगा न" म्हणत राहिलो. मिलने काढताना आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं. ज्याला काढायचं आहे त्याला कोणी इतकं समजावत बसत नाही, असं वाटायचं मला.