तपासनीस सात

४ ऑक्टोबर, शनिवार

आज खिशात ताई सापडली.

शनिवार-रविवार मी कपडे निवडायच्या केंद्रात काम करते. लोकांनी टाकलेले जुने कपडे तिथे येतात, आणि दुकानांत न खपलेले कोरेही – लेबलासकट. जुन्यांतले वापरण्याजोगे एकीकडे, बाकीच्यांचं यंत्रात भुसकट; कोऱ्यांचंही, कारण ते स्वस्तात विकले जाणं कंपन्यांना नको असतं. यंत्रात किल्ली किंवा टाचणी गेली की पातं मोडतं, म्हणून आधी सगळे खिसे तपासायचे. ते काम माझं.

दुपारी निळ्या पँटींचा कोरा गठ्ठा आला. आतल्या पट्टीवर आमच्या घराजवळच्या कारखान्याचं नाव. पहिल्याच पँटीच्या मागच्या खिशात बोटभर चिठ्ठी. हिरवा शिक्का – 'तपासनीस ७'. खाली महिना, जानेवारी.

सात नंबर ताईचा. सहा वर्षं तिने तेच केलं. शिवण बघायची, बटण ओढून बघायचं, शिक्का मारायचा, चिठ्ठी खिशात. घरी यायची तेव्हा अंगठा हिरवा असायचा. जानेवारीत तिला धड जिनाही चढवत नव्हता. अकरा फेब्रुवारीला ती गेली. मी इथे, परदेशात होते. परीक्षा होती.

चिठ्ठी मोज्यात घालून बाहेर आणली. केंद्रातून काही न्यायला बंदी आहे. पँट यंत्रात गेली. कुणी एकदाही न घातलेली.

५ ऑक्टोबर, रविवार

आणखी तीन. तिन्ही जानेवारीच्या, तिन्ही सरळ. ताई चिठ्ठी दुमडायची नाही. 'उघडणाऱ्याला कशाला त्रास?' म्हणायची.

कोण उघडणार होतं, ताई?

७ ऑक्टोबर, मंगळवार

बाईंनी आज नद्यांची चित्रं दाखवली. बाई म्हणजे पर्यावरण शिकवणाऱ्या आमच्या प्राध्यापक – केस पांढरे, आवाज करडा. एक नदी निळी, एक किरमिजी. वर्ग हळहळला. मी नाही. मला ते ओळखीचं वाटलं.

कारखान्यामागच्या ओढ्यावर ताई आणि मी पैज लावायचो – उद्या कुठला रंग? ताईच जिंकायची. मला वाटायचं, हिला काहीतरी दिसतं. पुढे कळलं की रंगखात्यातून सुटणाऱ्या माणसांची बोटं बघून ती सांगायची. 'पाणी रंगहीन असते' हे मी पहिलीपासून घोकत होते, आणि घरी येताना जांभळ्या पाण्यात पाय धुवत होते. दोन्ही एकाच वेळी खरं वाटायचं. त्यात काही चुकतंय हे कळायला मला इतक्या लांब यावं लागलं.

मग बाई कपड्यांवर आल्या. नवी पँट जुनी, विटकी दिसावी म्हणून तिच्यावर वाळूचा फवारा मारतात. त्यातली बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते. परत निघत नाही. 'आम्ही हे केव्हाच बंद केलं, असं आता बहुतेक कंपन्या सांगतात,' म्हणाल्या. 'सांगतात'वर जोर.

ताईच्या टेबलामागे ताडपत्रीचा पडदा होता. पडद्यापलीकडे फवारा.

ताईला शेवटचं घरातून नेण्याआधी कारखान्याचा मॅनेजर आला होता. मावशीने फोन धरला होता म्हणून मी इथून बघितलं. आईला म्हणाला, 'जुना दमा होता हो तिला.' ताईला दमा नव्हता. शाळेत धावण्यात ती पहिली यायची. ताई या माणसाला अत्तर म्हणायची. 'अत्तर येतोय हे आधी नाकाला कळतं. पण आमच्या खात्यात नाक चोंदलेलं नाही असं आहे कोण?'

दमा म्हणाला. माझ्या आईच्या तोंडावर.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पोट दुखत होतं. येताना आईने दिलेल्या ओव्याच्या पुड्यांतली शेवटून दुसरी काढली. आईची पुडी नखाशिवाय सुटत नाही. घड्यांवर घड्या. तिच्या हातात कागद आला की त्याची पुडी होते.

तिला फोन केला. दोनदा उचलला नाही.

'कुठे होतीस?'

'मी कुठे जाणारे? इथेच. जेवलीस का?'

मी तिला पुन्हा तेच बजावलं – त्या कारखान्याची पायरी चढायची नाही, अत्तर समोर आला तर तोंड फिरवायचं. 'हो गं बाई,' म्हणाली. 'किती वेळा तेच सांगशील?'

१८ ऑक्टोबर, शनिवार

निळा गठ्ठा. तोच कारखाना. खिशात चिठ्ठी, पण बारीक घडी केलेली. नखाने उघडावी लागली.

तपासनीस ७. जून.

मी तशीच उभी राहिले. मुकादम – आमची देखरेखीची बाई, तिला मी मनात मुकादमच म्हणते – ओरडली की पट्टा थांबलाय. मी हात चालू केले.

ताईला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. आणि तिचा शिक्का चालू आहे. कुणीतरी कोपऱ्यात बसून न बघता धडाधडा मारत असेल. माणूस मेला तरी नंबर मरू दिला नाही यांनी.

१९ ऑक्टोबर, रविवार

आणखी सहा. एप्रिल, मे, जून. सगळ्या दुमडलेल्या. एकही ताईची नाही.

बुटात ठेवल्या. दिवसभर टोचत होत्या. टोचू देत.

२२ ऑक्टोबर, बुधवार

बाईंना सगळं सांगितलं. मी एवढं कुणाशीच बोलत नाही, शेवटी घसा बसला. त्यांनी माझ्यापुढे पाणी ठेवलं. मग म्हणाल्या, 'राग खरा आहे. पण राग म्हणजे पुरावा नव्हे.'

एका पँटीचा खिसा मी कापून आणला होता. बाईंनी प्रयोगशाळेत त्याच्या तळाची शिवण उसवली, काचेवर झटकली. सूक्ष्मदर्शकातून मीच बघितलं. कण. टोकदार, काचेसारखे, स्वच्छ. इतके सुंदर असतील असं वाटलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, वाळूच. या कंपनीने फवारा बंद केल्याचं लेखी दिलंय. कंपन्यांवर नजर ठेवणारी एक स्वतंत्र समिती आहे, तिच्याकडे तक्रार करता येते. 'पण आधी वाळू लिही. माणसं मागून.'

मी मान हलवली. मला माणूस हवाय.

२७ ऑक्टोबर, सोमवार

चिमणीला चिठ्ठ्या सापडल्या. चिमणी माझी खोलीतली मैत्रीण, आपल्याच भाषेची, बोलायला लागली की थांबत नाही. उशीखालून काढून पत्त्यांसारख्या मांडून बसली होती.

'काय गं, सत्त्याच सत्त्या? पत्त्यांचा क्लब काढलास?'

सांगावं लागलं. तिने चिठ्ठ्या गोळा करून माझ्या हातात दिल्या. मग म्हणाली, 'पण दुसरं कुणी नसेल कशावरून? शाळेत हजेरीला नाही का, एक मुलगी गेली की तिच्या नंबरावर दुसरी येते.'

मी तिला समजावलं. आमच्या कारखान्यात तसं होत नाही. काम करणारं माणूस गेलं तर त्याची जागा घरातल्यालाच देतात – जागा, खुंटी, शिक्का, सगळं. पहिल्यापासूनची रीत. बाहेरच्याला तो नंबर मिळत नाही. आणि आमच्या घरात उरलं कोण? मी इथे. आई तिथे मेली तरी पाय ठेवणार नाही. म्हणजे जागा रिकामी. म्हणजे शिक्का खोटा.

'वकील व्हायचं सोडून पाण्याच्या अभ्यासात कशाला शिरलीस?' म्हणाली.

२ नोव्हेंबर, रविवार

तक्रार लिहिली. चार पानं. पहिली तीन ताईच्या शिक्क्यावर. वाळू चौथ्या पानावर.

बाईंनी सांगितलं होतं तसं आधी लिहून बघितलं होतं. वाचलं आणि थंड पडले. वाळू वापरली म्हणून कारखान्याला समज मिळेल, चार माणसं येऊन बघून जातील, अत्तर त्यांना चहा पाजेल. वाळूत कुणी एकटा सापडत नाही. पण मेलेल्या बाईच्या नंबरावर माल पास झाला तर खाली एकाचीच सही असते – मॅनेजरची. तो निसटू शकत नाही. त्याला त्याच खोलीत, त्याच पडद्यापुढे उभं करून विचारलं पाहिजे – सात नंबर कुठे आहे, दाखव.

लहानपणी ताई म्हणायची, 'तू फार डूख धरतेस. नागीण आहेस.' तिची रंगपेटी मोडणाऱ्या मुलीशी मी दोन वर्षं बोलले नव्हते. ताई तिसऱ्या दिवशी तिच्याबरोबर खेळत होती.

५ नोव्हेंबर, बुधवार

पाठवली. बाईंना न दाखवता.

१६ नोव्हेंबर, रविवार

काम करताना अत्तर डोळ्यांपुढे असतो. त्याची मान खाली गेलेली. घाम येतोय आणि अत्तराचा वास फिरलाय. शब्द सुचत नाहीत. मग मी त्याला सुचवते – म्हण ना, जुना दमा होता. असले पंचवीस-तीस प्रकार रचून झालेत. हात आपोआप चालतात. मुकादम म्हणाली, हल्ली तुझा वेग चांगला आहे.

आज दोन हजारांवर पँटी यंत्रात गेल्या असतील. एकेका पँटीला किती पाणी लागतं ते बाईंनी शिकवलंय. एवढा ओढा रंगवायचा, एवढ्या छात्या भरायच्या, आणि शेवटी भुसकट. कुणाच्या अंगाला लागल्यासुद्धा नाहीत. लागल्या असत्या, तर ताई निदान कुणाच्या वापराच्या वस्तूपायी गेली असं तरी म्हणता आलं असतं.

संध्याकाळी आईचा फोन. आवाज बसलाय. 'हवा बदलली गं, घसा धरलाय.' ओवा चघळ म्हटलं. 'माझाच ओवा मलाच सांग,' म्हणाली. बऱ्याच दिवसांनी हसली. तिचं बरं चाललंय असं वाटलं. मीच मागे राहिले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

समितीचं उत्तर. तक्रार दाखल, कारखान्याकडे खुलासा मागितला. सात नंबरच्या तपासनिसाला हजर करा असंही लिहिलंय.

आज पोटभर जेवले. चिमणी म्हणाली, 'कुणाचं लग्न ठरलं का?'

८ डिसेंबर, सोमवार

बाईंनी बोलावलं. समितीचं पत्र त्यांच्याकडे आलं होतं, माझ्या अर्जावर विभागाचा पत्ता होता म्हणून.

सात नंबर रिकामा नाही. मृत कामगाराच्या जागी मार्चपासून घरातलीच व्यक्ती कामावर आहे. ती समितीच्या माणसांसमोर हजर झाली. मुख्य आरोप निराधार. 'खात्यात वाळूचा वापर होत नाही' असं तिने स्वतः लिहून दिलंय. सबब तक्रार बंद.

सोबत त्या कागदाची प्रत. खाली सही. आमच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर असायची तीच – सुरुवातीला मोठी, शेवटी कागद संपत आल्यासारखी बारीक.

बाई म्हणाल्या, 'ओळखतेस हिला?'

खोलीवर येऊन चिठ्ठ्या काढून बघितल्या. मग ओव्याची शेवटची पुडी. शेजारी शेजारी ठेवल्या. तीच घडी. दोन महिने माझ्या उशीखाली होती.

९ डिसेंबर, मंगळवार

आईशी बोलले.

'घरात भिंती खायला उठायच्या गं. तिच्या स्टुलावर बसलं की तिच्याजवळ बसल्यासारखं वाटतं. तू रागावशील म्हणून बोलले नाही.' मग, 'गेल्या आठवड्यात कारखान्यात माणसं आली होती. कुणीतरी लिहून कळवलं म्हणे, सात नंबर मेलेली आहे. मॅनेजरांनी कागद दिला, मी सही केली. मी जिवंत आहे एवढंच तर लिहायचं होतं ना? असा डूख कोण धरतं गं?'

मग खोकली. बराच वेळ.

टेबलामागे अजून तो पडदा आहे का, मी विचारलं.

'आहे की,' म्हणाली. 'बसून बसून कंबर भरून येते. मी त्यालाच पाठ टेकते.'