डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या

'अहो' म्हणायची सवय सुटली, म्हणून नुसतंच तुला,

तुझं दुसरं लग्न ठरल्याचं कळलं. गर्भपिशवीतल्या गाठींवरचा उपचार मी तुला न विचारता करून घेतला आणि तुझा वंश बुडवला, असं तू सांगत फिरतोस, तेही कळलं.

डॉक्टरीणबाईंसमोर आपण शेजारीशेजारी बसलो होतो. त्या म्हणाल्या, "जांघेतून नळी घालून गाठींचा रक्तपुरवठा बंद करता येतो. अंगावरून जाणं कमी होईल, पिशवीही राहील. पण मूल हवं असेल तर ऑपरेशन करून गाठी काढणं बरं. या उपचारानंतरही काहींना मूल होतं, पण खात्री नाही. गर्भ पडण्याची भीतीही जास्त."

तू एवढंच विचारलंस, "कामावर लवकर कशात येईल?" आणि नळीचा उपचार ठरला.

गणवेशांची ऑर्डर अंगावर होती आणि आपल्या शिवणाच्या दुकानात कापड बेतणारी मी एकटीच. बरं वाटताच मी कात्री धरली. पुढे दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा पडलं. दोन्ही वेळा तू भिंतीकडे तोंड करून झोपलास.

काल तुझ्या आई आल्या होत्या. म्हणाल्या, "त्या मुलीच्या घरीही तो हेच सांगून आलाय. खरं काय ते तू सांग."

इतकी वर्षं मी तुझी अब्रू झाकली. काल नाही झाकली.

त्या उठल्या. दाराशी म्हणाल्या, "पोटचा आहे, पण खोटा आहे."

पत्र पेटीत टाकत नाही. तुझ्या आई काल इथूनच त्या मुलीच्या घरी खरं सांगायला गेल्या.

– जी तुझी बायको होती