शाल्मलीसाठी झडती

६ ऑगस्ट २००६, बोरी अरब
ठरलं. शेजारच्या शाल्मलीला मनातलं सांगायचं. अर्थात गाण्यातून. थेट विचारणं हे कारकुनी काम, आणि मी कारकून फक्त ऑफिसात असतो. स्वप्न, चांदणं, अधुरी ओढ, सगळा माल तयार आहे. यमक तेवढं बाकी.

९ ऑगस्ट
वाहिदला गॅरेजवर जाऊन चाल ऐकवली. म्हणाला, "भाऊ, गाणं कायले पाह्यजे? सरळ विचार ना तिले." मेकॅनिक चांगला आहे. काव्यात कच्चा.

१४ ऑगस्ट
शाल्मलीने आज "अहो" म्हणून हाक मारली. "भाऊ" टाळलं. लक्षणं उत्तम. काही सांगायचं होतं का, असंही विचारलं. मी लोडशेडिंगबद्दल बोललो. गीतकाराने घाई करू नये.

१९ ऑगस्ट
चान्स मिळाला. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे असताना झडत्या, म्हणजे यमक जुळवलेली गाणी, म्हणतात, अख्खं गाव ऐकतं. यंदा सगळ्या झडत्या कापसाच्या भावावर. प्रेमावर एकही नाही, म्हणजे कॉम्पिटिशन शून्य. तोरणाचा मान बाबारावांचा. त्यांनी होकार दिला, पण कपाशी आलीच पाह्यजे म्हणाले. आणली:
कपाशी फुलली शिवारात,
तू नाही आली अंगणात...
पुढच्या ओळींत शाल्मलीचं नाव आणि विचारणा. मध्ये मोठा पॉज. तिचा जीव टांगणीला लागला पाहिजे.

२३ ऑगस्ट, पोळा
शाल्मली समोरच्या ओट्यावर. दोन ओळी म्हटल्या, पॉज घेतला. यमक जुळलं की झडती संपली, असा गावाचा हिशेब. सगळे "हर हर महादेव" गरजले, तोरण तुटलं, बैल सुटले. पोळा फुटला. उरलेलं गाणं मी शेणात उभा राहून एकट्याने म्हटलं. एकूण प्रतिसाद प्रचंड.

१ सप्टेंबर
शाल्मली घरी आली. वणीच्या मुलाशी जमलं म्हणे. मंगलाष्टकं तुम्हीच लिहा म्हणाली. जाताना दारात थांबली. म्हणाली, "दोन वर्षं वाट पाहून राह्यली होती मी. एकदा विचारून तर पाहायचं होतं." मी म्हटलं, कडवं पूर्ण व्हायचं होतं.

३ सप्टेंबर
मंगलाष्टकं लिहायला बसलो. चांदणं नाही, स्वप्न नाही, एक ओळ सुचली नाही. नुसतं रडू आलं. दुपारी वाहिद आला. त्याने विचारलं, "काय म्हणाली ते?"
सांगितलं, हो म्हणाली असती.