सांजची बस

अमरावती, रविवार

मायले मोतीरामचा जयभीम.

मी खुशाल आहो. खानावळीची भाकर आता अंगी लागली. बाबाचा खोकला कसा आहे? शेळी व्याली का?

तिकडं तेल्हाऱ्यात बातमी पोचलीच असंल. इथं नगरपालिकेच्या निवडणुकीत दोन मिरवणुका रस्त्यात भिडल्या, कोणीतरी बंदूक झाडली, अन् गोळी बडनेऱ्याच्या बसच्या पत्र्यातून गेली. कोणाले लागली नाही. ड्रायव्हरनं गाडी तशीच पळवली. तू फिकीर करू नको.

तवापासून सांजची बस बंद आहे. कचेरी सुटली का मी खोलीवर बडनेऱ्याले पायीच जातो. सोबतीले दोघं असतात. एक उमेदवार म्हणते, बंदुका जमा करतो. दुसरा म्हणते, बस सुरू करतो. मी म्हटलं, आमाले दोन्ही पाह्यजे. तं त्या दुसऱ्याचा माणूस हासला, "मत तं एकच आहे नं तुह्यं!"

धाकल्या शालूले सांगजो, तिनं कशिदा काढून देल्लेला रुमाल आता माह्याजवळ नाही. त्या सांजी बसमंदी माह्या बाकालेच लागून भोक पडलं होतं. बडनेऱ्यापरेंत थंड वारा येत होता, म्हणून त्यात कोंबला.

बाबाले जयभीम.

तुहा,
मोतीराम