ओरत्तनाडूचा पितळी डबा

तंजावूर,
२ फेब्रुवारी १९९७

प्रिय हरिणी,

आधी माझी तक्रार ऐकून घे, घरची खबरबात मागाहून. तुझ्या होणाऱ्या चुलतसासऱ्यांनी, पुण्याच्या त्र्यंबकरावांनी, माझ्या कॉफीच्या फिल्टरात चहा गाळला. आपल्या या राजवाड्यामागच्या गल्लीनं राज्य बुडताना पाहिलं, इंग्रज आलेले-गेलेले पाहिले, आता केबल टीव्हीही सोसते आहे. पण असा प्रसंग तिच्यावर कधी आला नव्हता. मी तो फिल्टर चिंचेनं घासला, राखेनं घासला, उन्हात पालथा घातला; तरी कॉफीला आल्याचा वास येतोच. परवा दुसरा फिल्टर शोधायला म्हणून या वयात माळ्यावर चढले, तर भलतीच वस्तू हाती लागली. तिच्याकडे येतेच.

हे पत्र मी जेवणाच्या टेबलावर उघडंच लिहिते आहे. तुझे अप्पा दोनदा येऊन वाकून गेले. शिवाजीचं नाव घेताना ज्याची छाती फुगते त्या माझ्या दादाला देवनागरीतलं एक अक्षर वाचता येत नाही, ही या घराची मोठीच सोय आहे. मी टपालानं येणाऱ्या जुन्या मासिकांवर शिकले, तू पुण्यात बसच्या पाट्यांवर शिकलीस. तेव्हा हे आपल्या दोघींतच.

तर त्र्यंबकराव. सलीलला तू निवडलंस, तुमच्या कॉम्प्युटर कंपनीत शेजारी बसून निवडलंस, मला त्यात काहीच वावगं दिसत नाही. फोटोत मुलगा हसरा आहे, कान थोडे मोठे आहेत, ऐकून घेणारा असेल. पण त्याच्या घरच्यांना प्रश्न पडला, की ही तंजावूरची मंडळी मराठी म्हणजे नक्की किती मराठी? म्हणून काकांना पाहणीला धाडलं. अप्पांनी आदल्या दिवशी आम्हाला ओळीनं बसवून धडे दिले. तमिळ मासिकांत मी विनोदी लेख लिहिते हे सांगायचं नाही. आणि तुझ्या आईचं माहेर विचारलं, तर तिरुवैयारुकडचं जुनं मराठी घराणं म्हणायचं. ओरत्तनाडूचं नाव काढायचं नाही. तुझी आई खाली मान घालून वाल सोलत होती. “बरें,” एवढंच म्हणाली. मी म्हटलं, दादा, सत्तावीस वर्षांपूर्वी ओरत्तनाडूच्या कचेरीत नोकरीला होतास, तेव्हा या तमिळ मुलीसाठी आईशी भांडून जेवण सोडलं होतंस ना? तर म्हणाला, “अंबा, तुझी जीभ चार दिवस माळ्यावर ठेव.” तुझ्यासाठी ठेवली. खरंच ठेवली.

काका सज्जन आहेत, चहा सोडला तर. पण मोजायची भारी हौस. गल्लीतून फिरताना मला विचारलं, “अंबाताई, इथे शुद्ध मराठी माणसं किती उरली असतील?” मी त्यांना दारोदार दाखवत नेलं. हा रघोजी, याचा पूर्वज घोड्यावरून आला, हा स्कूटर दुरुस्त करतो आणि शिव्या फक्त तमिळमध्ये देतो, कारण त्याच त्याला मनापासून येतात. त्याची बायको कुंभकोणमच्या सौराष्ट्र विणकरांतली. पलीकडे गंगाबाई, मराठी घर, सून कन्नड, आणि नातू टीव्हीपुढे बसून हिंदी बोलतो, ते दोघींनाही कळत नाही. कोपऱ्यावरचे तेलुगू वीणावादक घरात तेलुगू बोलतात, पण त्यांची म्हैस गंगाबाईंच्या गोठ्यातली, तिला मराठीच कळतं, तेव्हा तिच्याशी मराठी. काकांनी विचारलं, “म्हणजे मिश्रण बरंच आहे?” मी म्हटलं, आमचा कॉफीपूडवाला गिऱ्हाइकाला विचारतो, चिकोरीची पूड किती मिसळू? पण एकदा दळून झालं, की पुन्हा वेगळी करून द्या असं त्याला आजवर कोणी म्हटलेलं नाही. ते हसले. मग म्हणाले, “तरी अंदाजे?”

बाहेर तमिळ लोकांना आपण ‘रायर’, म्हणजे राव मंडळी, तीनशे वर्षं राहूनही उत्तरेकडचे पाहुणे. पुण्यात तुला मैत्रिणी लाडानं मद्रासी म्हणतात, तूच लिहिलं होतंस. दोन्हीकडचे लोक आपल्याला दुसरीकडे ढकलतात, आणि आपल्यातले तुझ्या अप्पांसारखे लोक घरातल्या घरात तोच खेळ पुढे खेळतात. याची मला चीड आहे, हरिणी, आणि ती जाऊ नये अशी माझी इच्छा आहे.

आता दुपारच्या जेवणाची गोष्ट, कारण अप्पा तुला ती वेगळी सांगतील. काका पानावर बसून एकेकाचं मराठी तपासत होते. अप्पांचं तिसऱ्या शब्दाला तमिळवर घसरलं. माझं म्हणे पुस्तकी. तेवढ्यात तुझी आई सार वाढायला आली आणि तिच्या नेहमीच्या बोलीत म्हणाली, “थोडकें घ्यावें, ऊन आहे, सावकाश जेवावें.” काकांचा घास हातातच राहिला. तिला इकडचं तिकडचं विचारू लागले आणि ती सांगत राहिली, पुरणाचं, तुळशीचं, तुझ्या बारशाचं. काकांचे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत. अप्पांना म्हणाले, “गुरुराजराव, ही खरी जुनी मराठी. आमच्याकडे पणज्यांबरोबर गेली. हे शिकून येत नाही, रक्तात असावं लागतं. या घरातली अस्सल मराठी बाई कोण, ते मला आज कळलं.”

तुझे अप्पा असे फुलले, की पापडाशेजारी ठेवले असते तर ओळखू आले नसते. आणि मी? मी तुझ्यासाठी ओठ मिटून बसले होते. सगळं जमलं होतं. कोणी काही बोलायचंच नव्हतं.

बोलली तुझी आई. हातातली पळी खाली ठेवून, पदर सारखा करून, शांतपणे म्हणाली, “रक्तांत नव्हें. सासूबाईंच्या हाताखालीं शिकलें. मी ओरत्तनाडूची तमिळ मुलगी. माहेरीं मंगलम् म्हणतात.” मग पळी उचलली आणि विचारलं, “भात वाढूं?”

काकांनी पाणी मागितलं. मग भातही घेतला, हे त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवते. मात्र त्यानंतर मोजणं थांबलं आणि दुसऱ्या दिवशी ते पुण्याला गेले.

परवा पुण्याहून काकांचा फोन आला. लग्नाला त्यांची हरकत नाही. एकच विनंती: पत्रिकेत वधूचं आजोळ छापू नये, आणि ओरत्तनाडूच्या मंडळींनी मांडवात जरा मागे बसावं. लोक चार प्रश्न विचारतात, उगीच कशाला. अप्पा फोनवर “हो, हो” म्हणाले. तुझी आई मला म्हणाली, “असूं दे वन्सं, पोरीचें लग्न होऊं दे.” त्याच दुपारी मी फिल्टर शोधायला माळ्यावर चढले होते.

तिथे मिळाला तो कडीचा पितळी डबा, तूक्कु. तुझ्या बारशाला ओरत्तनाडूच्या आजीनं त्यात अधिरसम्, आपल्या अनारशासारखं गोड, भरून पाठवलं होतं. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, आणि सासरच्या बाईनं स्वतः नेऊन द्यायचं, ही आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. ते नेऊन दिलं, की ती माणसं उघड उघड सोयरी झाली. तेच नको होतं, म्हणून माझी आई म्हणाली होती, “राहू दे वर.” अधिरसम् मात्र आम्ही सगळ्यांनी खाल्लं. तुझ्या आईचे भाऊ कृष्णस्वामीमामा दर पोंगलला ओरत्तनाडूहून केळीचा घड घेऊन येतात, ओट्यावर बसून कॉफी पितात, डब्याबद्दल एका शब्दानं विचारत नाहीत. तुझ्या आईनंही कधी विचारलं नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते. मराठी पत्रिकेचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे, कारण इथे ती अक्षरं दुसऱ्या कोणाला काढता येत नाहीत. मी तो लिहिला. अप्पांनी कागद लांब धरून मान डोलावली आणि अक्षर सुरेख आहे म्हणाले. त्यात लिहिलं आहे: “आजोळ: ओरत्तनाडू. आजी अलमेलु अम्माळ यांच्या आशीर्वादानं.” तो कागद मी छापखान्यात दिलेला नाही, तुला या पाकिटातून धाडते आहे. काय होईल ते मला समजतं. मुलगा तुझा आहे, संसार तुझा आहे. सलीलला हा निरोप घरच्यांनी सांगितला आहे का, ते आधी विचार. त्याचे कान खरंच उपयोगाचे आहेत की नुसतेच मोठे, ते त्याच दिवशी कळेल. ती ओळ खोडायची असेल तर खोड, मी तुला उणं बोलणार नाही. पण तुझ्या हातानं खोड. या घरात ते काम आता कोणी तुझ्या आईकडून करवून घेणार नाही, निदान मी असेपर्यंत. बाकी, डबा घासून लख्ख झाला आहे. काल रात्री करंज्या तळल्या, त्या भरून झाकण लावलं आहे. तुझी आई तिचं जांभळं रेशमी लुगडं नेसून दारात उभी आहे आणि सारखी म्हणते आहे, वन्सं, चला, ऊन चढेल. पत्र स्टँडाजवळच्या पेटीत टाकते आणि ओरत्तनाडूची बस धरते. डबा मी मांडीवर घेणार आहे.

तुझीच, जीभ माळ्यावरून उतरवून घेतलेली,
अंबाआत्या