विहारात पंक वाजलं त्याची हकीकत

वारजे, पुणे

ती. अक्कास,

नागोरावचा सविनय जय भीम. तुझे गुडघे आणि भाऊजींची साखर, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. इकडे नंदा आणि मी ठीक. फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस (मागच्या वेळी तुझा आवाज ऐकून शेजारच्या बाई काय झालं म्हणून विचारायला आल्या होत्या, आणि फोन स्पीकरवर नव्हता), म्हणून कागद घेतला. आधी महत्त्वाचं सांगतो: आम्रपालीचं लग्न मोडलेलं नाही. आता निवांत वाच.

हिंजवडीला तिच्या कंपनीतला शुभंकर तुला माहीत आहेच. पोरांनी एकमेकांना पसंत केलेलं, राहिली होती ती त्याच्या वडिलांची पसंती. तात्याराव कडक माणूस. तरुणपणी भीमगीतांच्या गायन पार्टीत होते, आणि अजून साधा चहा मागतानाही श्रोते समोर बसल्यासारखे बोलतात. त्यांनी फोनवर विचारलं, मुलगी नोकरीशिवाय काय करते? मी म्हटलं, गाण्यांचा अल्बम केलाय. कसल्या गाण्यांचा? भीमगीतांचा, असं मी बिनदिक्कत सांगून टाकलं. यात माझं काय चुकलं, तूच सांग. वर्षभर पोरगी हेडफोन लावून खोलीत बसलेली, बाहेर हूं की चूं नाही. आपल्या घरातली मुलगी अल्बम करते म्हटल्यावर दुसरं काय करणार? तिला विचारावं असं सुचलं नाही (नंदाच्या मते मला हे लग्न झाल्यापासून सुचलेलं नाही).

तात्याराव एवढे खूश झाले की पौर्णिमेला तुमच्याच विहारात सगळे मिळून ऐकू म्हणाले, आणि परस्पर समितीला फोन करून मोकळे झाले. फळ्यावर आम्रपालीचं नाव लागलं तेव्हा कुठे मी तिला सांगितलं, आणि तिने मला. अक्का, ती सगळी पंकची गाणी निघाली. पंक म्हणजे विलायतेतल्या बेकार पोरांनी गिटारी बडवत घरमालकापासून राणीपर्यंत सगळ्यांच्या नावाने केलेला शंख. त्यातल्या गिटारीही हिने काढून टाकल्या आणि सगळं कॉम्प्युटरवर वाजवलं. शब्दसुद्धा कॉम्प्युटरच्याच आवाजात. मी आजारी पडायची तयारी दाखवली. पण ती म्हणाली, "बाबा, खोटं बोलून मला त्या घरात जायचं नाही. लावू या."

वंदना झाली. पांढऱ्या साड्या नेसून बायका बसल्या, खिरीचं पातेलं मागे झाकून ठेवलेलं. मी स्पीकरच्या बटणाजवळची खुर्ची धरली होती. गाणं सुरू झालं, धाडधाड आणि वर तो पत्र्याचा आवाज. तात्यारावांच्या भुवया वर गेल्या तसं मी डोळे मिटून बटण दाबलं. पंखे बंद झाले. आतापर्यंत पंख्यांच्या घरघरीत थोडंफार झाकलं जात होतं, ते आता एकदम लख्ख ऐकू यायला लागलं. तात्यारावांनी हात वर केला. शुभंकरने गाणं थांबवलं.

तात्यारावांनी विचारलं, काय म्हणतायत ही पोरं? आम्रपाली उभी राहिली. कामधंदा नाही, राहायला जागा नाही, वर गप्प बसा म्हणतात, म्हणून ओरडतायत, असं तिने सरळ सांगितलं. तात्याराव म्हणाले, "अहो, मग आवाज एवढा बारीक का ठेवलाय?"

पुढे काय सांगू! म्हणाले, आम्ही एक पेटी आणि एक ढोलकी घेऊन वस्त्यावस्त्यांत असंच ओरडायचो, सुरात कोण होतं! लहान पोरं नाचायला लागली, तात्यारावांनी टाळ्यांचा ठेका धरला, आणि खीर वाढायच्या आधीच लग्न पक्कं झालं. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पंखे बंद असल्यामुळे तो घाम म्हणून खपून गेला.

भाऊजींना जय भीम, लेकरांना आशीर्वाद.

तुझा
नागो

ता. क. तात्यारावांची एकच तक्रार आहे: ओरडायला कॉम्प्युटर नको, माणसाचा गळा पाहिजे. आता लग्नाआधी त्यांच्या पार्टीचं एक जुनं गाणं आम्रपाली याच पद्धतीने करते आहे. त्यासाठी तिला आवाज हवाय. सुरेल नको, खणखणीत आणि चिडलेला हवा. मी क्षणाचाही विचार न करता तुझं नाव सांगितलं.

पुन्हा ता. क. यात अपमान वाटला असेल तर राग गिळू नकोस. ताबडतोब फोन लाव आणि मनात येईल ते बोल. मी मध्ये एक अक्षर बोलणार नाही. आम्रपालीने रेकॉर्डिंगची सगळी तयारी करून ठेवली आहे.